क्षहरातांचं पान भरत आलं

क्षहरात म्हणजे पश्चिम भारतात राज्य करणारं शक क्षत्रपांचं घराणं. अल्बममध्ये त्यांच्यातल्या भूमकाचं तांब्याचं नाणं आधीपासून होतं. झिजलंय, पण बाण आणि वज्र ओळखू येतात. आता शेजारी त्याच घराण्यातल्या नहपानाचे दोन द्रम्म (चांदीची नाणी) आलेत. एक मूळ, दुसरा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने वरून ठसा मारलेला.

सध्या सगळा वेळ या दुसऱ्यावरच जातोय. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला १३ हजारांवर नाण्यांचा निधी सापडला, त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर असे ठसे आहेत. एकीकडे तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जयिनी चिन्ह (चार टोकांना वर्तुळं असलेला क्रॉस). माझ्या नाण्यात डोंगर नेमका राजाच्या गालावर बसलाय. प्रकाश तिरका ठेवून फोटो काढला की खालून नहपानाचं नाक स्पष्ट वर येतं.

नहपानाला जिंकल्यावर गौतमीपुत्राने ही नाणी वितळवली का नाहीत? मला वाटतं, ती बाजारात मुरलेली होती. नहपानाचं सगळं बळ गुजरातेतल्या भडोच बंदराच्या व्यापारात. कल्याणला आलेली ग्रीक जहाजंसुद्धा पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं पेरिप्लसमध्ये (त्या काळच्या समुद्री व्यापारावरच्या ग्रीक ग्रंथात) आहे. पैठण-तेरचा माल गाड्यांनी तिकडेच जाई. परदेशी सोन्याचांदीची नाणी तिथे बदलली की वर नफाही सुटे. असं रुळलेलं चलन कोण मोडेल?

या पैशाचा हिशोब नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात कोरलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले. त्यातल्या २,००० वर महिना शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाचे २४०. त्यातून २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. हिशोब चोख जुळतो! (उरलेल्या १,००० वर पाऊण टक्का.) मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज खायचं.

शेवट मात्र झटक्यात झाला. त्याच डोंगरात, तिसऱ्या लेण्यात, उषवदाताच्या ताब्यातलं शेत गौतमीपुत्राने आपल्या १८व्या वर्षी भिक्षूंना देऊन टाकल्याची नोंद आहे. तिथेच त्याची आई बलश्री हिच्या लेखात मुलाला ‘क्षहरात वंश निःशेष करणारा’ म्हटलंय.

नाण्यांवरची खरोष्ठी लिपीतली अक्षरं अजून अडखळत लावतोय; ब्राह्मीतलं ‘नहपानस’ आता सहज वाचता येतं. पुढचं पान चष्टनाचं, म्हणजे क्षहरातांनंतरच्या कार्दमक क्षत्रप घराण्याचं. त्या कार्दमकांच्या नाण्यांवरही तीन कमानींचा डोंगर आहे, फक्त सोबत चंद्र-सूर्य. कुणाकडे चष्टनाच्या नाण्याच्या मागच्या बाजूचा चांगला फोटो असेल तर दाखवा.