सत्तेचाळीस नंबरची सायकल

पावतीवर एवढंच होतं : ‘रोड साइकिल, काली, एडवांस १०,०००’. साइझचा पत्ता नाही. ती ओळ मी तिथल्या तिथे वाचली असती तर इंदूरच्या त्या दुकानात आठ आठवडे चपला झिजवाव्या लागल्या नसत्या. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

पोहणं आणि पळणं आधीपासून होतं. तरणपुष्करचा पास दरवर्षी काढते, आणि राजेंद्रनगरात राहत असल्याने पळायला पिपल्यापाला बागेची बाजू जवळ पडते. राहिली होती सायकल. मला उतरायचं होतं त्या स्प्रिंट ट्रायथलॉन स्पर्धेत ७५० मीटर पोहायचं, २० किलोमीटर सायकल आणि मग ५ किलोमीटर पळायचं. लेकाच्या जुन्या गिअरवाल्या सायकलवर मी तेवढं अंतर काढत होते, पण उतरल्यावर पाय अक्षरशः लाकडाचे व्हायचे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी स्वतःसाठी साठेक हजारांची वस्तू घ्यायची, तर मनाची तयारी व्हायलाच चार महिने गेले.

कुठली घ्यायची ते मात्र दोन संध्याकाळींत ठरलं. खास ट्रायथलॉनची, पुढे कोपर टेकवायचे दांडे असलेली सायकल पहिली म्हणून घेऊ नये, या मताची मी आहे. त्या दांड्यांवर वाकलं की हात ब्रेकवर नसतात, आणि सुपर कॉरिडॉरवर सकाळीसुद्धा कुत्रं कधी आडवं येईल सांगता येत नाही. साधी रोड बाइक घ्यावी, दांडे नंतर बसवता येतात. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढचा फोर्क कार्बनचा, मागे आठ गिअरचा, शिमानो कंपनीचा ‘क्लॅरिस’ संच. महूकडच्या चढांसाठी मागची मोठी चकती ३२ दातांची हवी, एवढी एक गोष्ट मी बघून घेतली.

दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा हे सोबत होते. शेठजींनी माझ्याकडे ढुंकूनही न बघता यांना विचारलं, “भिया, मैडम के लिए वो टोकरीवाली दिखाऊँ?” यांनी बिचाऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तरी पुढची पंधरा मिनिटं किंमत, वजन, गिअर सगळं यांनाच सांगणं चाललं होतं. शेवटी हे बाहेर रसाच्या गाडीवर जाऊन उभे राहिले तेव्हा कुठे शेठजी माझ्याशी बोलले.

माप मी घरूनच घेऊन गेले होते. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक सीटसारखं वर दाबून धरायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. लेकीने तिचा ॲटलास दिला आणि हसत हसत मोजलं. ७१ सेंटिमीटर. याला ०.८८३ ने गुणलं की दोन्ही पेडलचे दांडे ज्या मधल्या धुरीवर फिरतात तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची निघते, माझी साधारण ६२.७. सुरुवातीला हा आकडा बरोबर धरावा, मग गुडघा काय सांगतो त्याप्रमाणे थोडं वरखाली. माझी उंची १५५ सेंटिमीटर. कंपनीच्या तक्त्यात माझ्यासमोर ‘एक्स-एस’, म्हणजे ४७ नंबरची फ्रेम होती. तो आकडा मी शेठजींना तीनदा तोंडी सांगितला. त्यांनी तीनदा मान डोलावली आणि पावतीवर ‘काली’ लिहिलं.

‘तीन हफ्ते’ म्हणाले होते. गणपती आले, गेले. फोन केला की “ट्रांसपोर्ट में है, मैडम.” मग अनंत चतुर्दशीच्या झांक्यांमुळे, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीमुळे, रस्ते बंद. चार दिवसांनी एकदाचा त्यांचाच फोन आला, की सायकल आली, जोडून ठेवली आहे, बाकीचे पैसे घेऊन या.

सायकल सुंदर होती, खोटं कशाला बोलू. काळी कुळकुळीत, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली चमकत होती. मी पाय टाकून उभी राहिले, तर वरची दांडी इतकी टोचली की टाचा उचलाव्या लागल्या. सीटवर बसले तर हँडल हाताला लागेपर्यंत कोपरं पार ताठ. खाली वाकून बघितलं. पेडलच्या वर, सीटच्या नळीवर नखाएवढं स्टिकर होतं : ५४.

“कुछ नहीं मैडम, सीट नीचे कर देंगे.”

इथून पुढचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. सीट खाली होते हो, पण हँडल जवळ येत नाही. मी पर्समधून शिवणाची टेप काढली. तक्त्याप्रमाणे वरच्या दांडीची आडवी लांबी माझ्या साइझला ५१५ मिलिमीटर आणि हिची ५४५. तीन सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण तेवढं अंतर रोज दीड तास मान, खांदे आणि तळव्यांवर पडतं, आणि मग बोटांना मुंग्या येतात. “स्टेम छोटा लगा देंगे.” स्टेम म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा. लावाल हो, शंभरच्या जागी सत्तर मिलिमीटरचा. पण मग हँडल चटकन वळतं, आणि दांडी टोचायची ती टोचतेच. “सब लेडीज़ यही ले जाती हैं.” यावर मी स्टुलावर बसून राहिले. आगाऊ परत मागितला तर त्यांनी पावतीच्या तळाशी छापलेली ओळ दाखवली. एकदा दिलेला एडवांस वापस होत नाही. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचं नाव काढलं. शेठजींनी पंखा वाढवला.

टेप, तक्ता, कायदा, काही म्हणजे काही चाललं नाही. तेवढ्यात घरून सासूबाईंचा फोन. त्यांचा आवाज असा की शेजारच्या दुकानातही ऐकू जावा. “अगं, पितृपक्ष सुरू आहे, आज नवीन वस्तू घरात आणू नकोस. घटस्थापनेपर्यंत थांब.” मी हे हिंदीत सांगितलं आणि शेठजींचा चेहराच बदलला. “अरे, तो पहले बोलना था ना! श्राद्ध में तो हम भी नई चीज़ नहीं लेते.” माझ्या तीस मिलिमीटरला ज्या माणसाने भीक घातली नव्हती, तो पितरांपुढे एका मिनिटात नमला. त्याच मऊ झालेल्या मूडमध्ये मी पेन पुढे केलं आणि पावतीच्या मागे लिहून घेतलं : साइज़ ४७, न आने पर पूरा एडवांस वापस. खाली सही, तारीख, शिक्का. फोटोही काढला. सासूबाईंना घरी आल्यावर साष्टांग नमस्कार घालायचाच बाकी होता.

सायकल आली दसऱ्यानंतरच्या आठवड्यात. स्टिकर आधी बघितलं. ४७.

आणि मध्येच एक फायदा झाला. २२ सप्टेंबर २०२५ ला, नेमकी घटस्थापनेच्या दिवशी, सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. शेठजींनी बिल जुन्याच दराने केलं होतं, ६१,६०० चं. आगाऊ जुना असला तरी माल आणि बिल दोन्ही नव्या दरानंतरचे, म्हणून दर नवा. बिल पुन्हा झालं, ५७,७५०. वाचलेल्या ३,८५० मध्ये हेल्मेट आणि पॅडवाली शॉर्ट आली. ती शॉर्ट आत दुसरं काही न घालता वापरायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या लांब फेरीनंतर कळलं.

आता आठवतंय तसं सांगते. पेडल किमतीत आहेत का ते विचारा, बऱ्याच रोड बाइक पेडलशिवाय येतात. व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असतो, चौकातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. पितळी ॲडॅप्टर घ्या आणि जास्तीच्या ट्यूबसोबत सीटखालच्या पिशवीत ठेवा. मी राऊच्या पुढे हवा गेल्यावर हे शिकले आणि सायकल हातात धरून पोह्यांच्या दुकानापर्यंत चालत आले. टायर २८ मिलिमीटर रुंदीचे बसत असतील तर २५ चा हट्ट नको. हात लहान असतील तर ब्रेकच्या लिव्हर आतल्या स्क्रूने जवळ आणता येतात, दुकानातच करून घ्या. हँडलच्या दोन्ही टोकांची बुचं पडू देऊ नका, ती नसतील तर स्पर्धेत सायकल तपासणीत अडवतात. आणि स्पर्धेत स्टँडवरून सायकल उचलण्याआधी हेल्मेटचा पट्टा लागलेला असावा लागतो. मी घरी चटईवर याची तालीम करते, लेक स्टॉपवॉच लावते.

दीडेकशे किलोमीटर झाले की गिअरच्या तारा ढिल्या पडतात, त्यासाठी पहिली सर्व्हिस फुकट होती. गेल्या आठवड्यात गेले. ती काळी ५४ अजून तिथेच, आता दर्शनी काचेत. तिच्यावर चौदाएक वर्षांचा मुलगा बसलेला, पाय टेकवायला टाचा वर केलेल्या. आई शेजारी पर्स उघडून उभी. शेठजी म्हणत होते, “बढ़ता बच्चा है, अभी सीट नीचे कर देंगे.”

मी पर्समधून टेप काढली.