पक्षी मोजून होतं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रविवारी सकाळी पुण्याजवळच्या, मुळा-मुठा नदीकाठच्या कवडीपाटहून चिखलाने भरलेल्या बुटांनी परतलो की सोसायटीच्या जिन्यात कुणीतरी गाठतंच. ‘काय, किती पक्षी दिसले?’ आणि पाठोपाठ खरा प्रश्न : ‘पण मोजून होतं काय?’

जिन्यात उभ्याउभ्या सांगता येतं ते गिधाडांचं. भरतपूरला 1980च्या दशकात त्यांची मोजणी झाली होती. पुढच्या दशकात तिथेच पुन्हा मोजलं, तेव्हा पांढऱ्या पाठीची गिधाडं संपत चालल्याचं कळलं. खायला मेलेली गुरं होती, तरी पक्षी माना टाकून मरत होते. 2004 साली कारण सापडलं. गुरांना दुखण्यावर देत ते डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. 2006मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. जुना आकडाच नसता, तर ‘हल्ली गिधाडं दिसत नाहीत बुवा’ यापुढे गाडी सरकली नसती.

माझ्याकडे मात्र तसा जुना आकडा नाही. सुरुवातीच्या सात-आठ वर्षांच्या वह्या आहेत, त्यांत एखादा ससाणा तीन उद्गारचिन्हांसकट आहे. कावळे, साळुंक्या, टिटव्या यांच्यापुढे एकच शब्द : ‘नेहमीचे’. किती, किती वेळात, काही नाही. रद्दीच म्हणायची. आता ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना ते विचारतं, ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेत ना? ‘हो’ म्हटलं की यादीत नसलेला पक्षीही नोंद होऊन बसतो : तासभर होतो, दिसला नाही. हौशी लोकांच्या अशाच याद्यांवर 2023चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवाल उभा आहे. त्यात 942 जातींचा आढावा घेतलाय आणि 178 जातींकडे आधी लक्ष द्या म्हटलंय. माळरानावरच्या पक्ष्यांची अवस्था त्यात वाईट दिसते.

ते वाचलं की आपल्या टेकड्या आठवतात. मूळच्या गवताच्या, खुरट्या झुडपांच्या. त्यांवर गिरिपुष्पाची परदेशी झाडं लावून हिरवळ केली आणि आपण खूश झालो. माळटिटवी आणि चंडोल जमिनीवरच घरटं करतात, त्यांना मोकळा माळ लागतो. झाडांशी माझं वाकडं नाही, पण खड्डे खणण्याआधी तिथे कोण राहतं एवढं तरी बघा की!

आकडा वाचताही यायला हवा म्हणा. कवडीपाटला पाण्यावर फेस, नाकाला रुमाल, आणि गाळात गुलाबी काटकुळे पाय रोवून शेकाटे चोची खुपसताहेत. एकदा एक गृहस्थ खूश होऊन म्हणाले, ‘एवढे पक्षी म्हणजे नदी सुधारली!’ अहो, सांडपाण्याच्या गाळात किडे-अळ्या मायंदाळ, म्हणून ती गर्दी. नदी खरंच सुधारली का हे बघायला मी नदीसुरय शोधत असतो. तो पाण्यावर घिरट्या घालून मासे टिपतो, गाळातल्या अळ्या त्याच्या काय कामाच्या?

गेल्या रविवारी शेकाटे 64, खंड्या 1. नदीसुरय नाही.

जिन्यात काकूंनी माझ्या मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. ‘अगंबाई, कावळेसुद्धा लिहिता?’

‘हो. एकोणीस.’