बी फेज राहिला

गुरुवार, रात्री पावणेअकरा

आउटेजच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी लाइन बंद मिळायच्या दिवशी सगळ्यांना घाई असते. सबस्टेशनवाल्यांना, लोड डिस्पॅचला (कुठल्या लाइनवर किती भार हे सांभाळणारे), गाडीच्या ड्रायव्हरला, रानाच्या मालकाला, आमच्या पोरांना तर असतेच असते. आणि ह्या सगळ्यांच्या मध्ये एकाने सावकाश असायचं असतं, त्याचा पगार मला, लाइन-दुरुस्तीच्या साहेबाला, मिळतो. ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं, तिथं आपलं टॉवरचे प्रकार, क्लिअरन्स, सॅग-टेन्शनचे तक्ते, असलं सगळं.

आजची लाइन 220 केव्ही डबल सर्किट, म्हणजे एकाच टॉवरच्या दोन अंगांना दोन लाइनी, प्रत्येकीचे आर, वाय, बी असे तीन फेज, कृष्णाकाठचा पट्टा, चहूबाजूंनी ऊस. मागे ह्या लाइनवर पहाटे ट्रिपिंग आलं होतं, म्हणजे फॉल्टने लाइन आपोआप बंद पडली होती, रिलेने (फॉल्ट ओळखणारं यंत्र) सबस्टेशनपासून साडेएकतीस किलोमीटर दाखवलं. म्हणजे काय तर साडेएकतीसला सरासरी स्पॅनने (दोन टॉवरमधलं अंतर) भागायचं, साधारण तीनशे मीटर धरा, की शंभर-एकशे पाचच्या आसपासचं लोकेशन येतं, मग त्याच्या अलीकडचे पलीकडचे टॉवर पायी बघत सुटायचं. ऑटो-रिक्लोजने, म्हणजे आपोआप परत जोडली जाऊन, लाइन सेकंदाच्या आसपास परत आली होती त्यामुळे गावात कुणाला पत्ताही लागला नाही, पण आम्हाला ते शोधावंच लागतं. सापडलं ते टेन्शन टॉवरवर (तारेची ओढ झेलणारा), वाय आणि बी फेजच्या डिस्क, म्हणजे तार टॉवरपासून वेगळी ठेवणाऱ्या चकत्या, फ्लॅश झालेल्या, पोर्सेलिनवर जळल्याचे डाग, एकीची कडा उडालेली. हा सीझनच तसला. कारखाने चालू, रोज कुठं ना कुठं पाचट पेटवलेलं, ती काजळी डिस्कवर बसते आणि पहाटे दव पडलं की ओली होते, मग त्यावरून करंटला वाट मिळते. दुपारी कोरडं झालं की सगळं कसं गुणी बाळ. त्यात थर्मोव्हिजन कॅमेऱ्याने त्याच टॉवरवर आर फेजचा जंपर (टॉवरच्या दोन्ही बाजूंच्या तारा जोडणारा तुकडा) तापलेला दाखवला, बाकीचे जोड चाळिशीत आणि हा नव्वदीच्या वर. म्हणून आउटेज मागितलं.

मागितलं नऊ ते पाच. मिळालं पावणेअकराला. सकाळी दुसऱ्या सर्किटवर लोड जास्त होता, थांबा म्हणाले. पोरं कुरकुरत होती पण लोड डिस्पॅचवाल्यांचं मला चुकीचं वाटत नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई अंधारात गेली, लोकल जिथल्या तिथं थांबल्या, तेव्हाही मुंबईकडे वीज आणणाऱ्या पडघा-कळवा लाइनचं एक सर्किट दुरुस्तीला बंद होतं आणि सगळा भार दुसऱ्यावर होता. त्या दिवशी आख्ख्या महाराष्ट्राला पडघा हे नाव कळलं. तेव्हापासून तर आउटेज देताना माणूस दहा वेळा विचार करणारच.

तर थांबलो. बांधावर बसून चहा, पोह्याचा डबा. टॉवरच्या एका पायाला म्हैस बांधलेली आणि दुसऱ्यावर दोडक्याचा वेल चढवलेला, पार अँटी-क्लाइंबिंगच्या काटेरी तारेपर्यंत. रानाचे मालक आण्णा म्हणाले, "एवढं लोखंड उभं केलंय आमच्या रानात, दोडकं तरी खाऊ द्या." ह्याला काय उत्तर द्यायचं. म्हैस मात्र लांब न्यायला लावली.

परमिट, म्हणजे लाइन बंद आहे, काम करा अशी परवानगी, आलं तेव्हा मी आधी लिहून घेतलं आणि मग वाचून दाखवलं, सर्किट नंबर, दोन्ही टोकांची ब्रेकर उघडलेली, आयसोलेटर उघडलेले (म्हणजे लाइन दोन्हीकडून तोडलेली), अर्थ स्विच (लाइन जमिनीला जोडणारे) लावलेले, बोर्ड अडकवलेले, वेळ, देणाऱ्याचं नाव. पलीकडचा ऑपरेटर ओळखीचा आहे, म्हणाला अहो साहेब रोजचंच आहे की. असू दे. डबल सर्किट टॉवरवर एका अंगाची लाइन बंद आणि दुसऱ्या अंगाची 220 केव्हीने चालू असते, आणि खालून बघितलं तर दोन्ही अंगं अगदी सारखी दिसतात, कुठं काही लाल-हिरवं लिहिलेलं नसतं. मला रात्री झोपेत जे दिसतं ते हे, की माणूस चुकीच्या अंगाने चढला. म्हणून चढायच्या आधी सर्किटची पाटी सगळ्यांनी मोठ्यानं वाचायची, बंद अंगाच्या पायाला हिरवं फडकं आणि चालू अंगाला लाल, आणि पहिला वर जाणारा मला खालून विचारूनच क्रॉस-आर्मवर (तार धरणाऱ्या आडव्या हातावर) पाय ठेवणार. पोरं हसतात. हसू देत.

नवीन अप्रेंटिस आलाय, आयटीआय झालेला, हुशार वाटतो. त्याने विचारलं, सर दोन्ही सबस्टेशनला अर्थ स्विच लावलेत मग इथं परत डिस्चार्ज रॉड कशाला, आणि तेही टॉवरच्या दोन्ही बाजूंना? म्हटलं आधी बघ. मामांनी (आमचे हेड टेक्निशियन, लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात) रॉडचा, म्हणजे तार टॉवरमार्गे जमिनीला जोडणाऱ्या दांड्याचा, क्लॅम्प टॉवरच्या अँगलला आवळला, मग दांडा उचलून हुक कंडक्टरच्या जवळ नेला आणि हुक लागायच्या आधीच चर्र करून निळी ठिणगी पडली. "बंद" लाइनवर. पोरगं जागच्या जागी गप्प. शेजारचं सर्किट चालू असलं की ह्या तारेत इंडक्शनने व्होल्टेज येतं, माणसाला खाली फेकायला ते पुरतं. आणि आज तर जंपर उघडायचा होता, जंपर उघडला की तिथं लाइनचे दोन तुकडे झाले, एका तुकड्याचं अर्थिंग दुसऱ्याच्या काही कामाचं नाही. म्हणून दोन्ही बाजूंना, तिन्ही फेजना, सहा रॉड. लावताना आधी टॉवर मग तार, काढताना आधी तार मग टॉवर. हे त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

आर फेजचा जंपर लवकर झाला. बोल्ट सैल, आत पांढरी भुकटी जमलेली, वायर ब्रशने घासून, ग्रीस लावून, टॉर्क रेंचने आवळला. वाय फेजला वेळ गेला, जाणारच होता. तार झेब्रा (कंडक्टरला जनावरांची नावं कुणाच्या डोक्यातून आली कुणास ठाऊक, 132 ला पँथर, 220 ला झेब्रा, 400 ला मूस), तिची ओढ अडीच-तीन टन. टेन्शन स्ट्रिंगमधली (डिस्कची माळ) डिस्क बदलायची तर आधी कम-अलाँग (तार पकडणारा चिमटा) तारेला धरवायचा, तिरफोरने (हाताने ओढायचं यंत्र) ती सगळी ओढ स्वतःकडे घ्यायची, हळूहळू स्ट्रिंग ढिली पडते, मग पिना काढून खराब डिस्क दोराने खाली आणि नवीन वर. तिरफोर मारायला मामा स्वतः. एक झटका मारला की थांबतात, क्लॅम्पकडे बघतात, मग पुढचा. त्यांना हे कुणी शिकवलं विचारलं तर म्हणतात, भीतीनं.

वाय फेज संपला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. खरी कटकट इथून पुढं.

बी फेज सगळ्यात खालचा, चढायला सोपा, सामान वरच, माणसं वरच. मामांनी वरूनच ओरडून सांगितलं, "साहेब, तासाभराचं काम हाय, उरकून टाकू." पोरांना तेच हवं होतं कारण नाहीतर परत ह्याच रानात यायचं. कंट्रोल रूममधून दोनदा फोन येऊन गेला होता, संध्याकाळचा लोड चढायच्या आत लाइन पाहिजे, कामाचं काय ते सांगा. आण्णा पण येऊन उभे, त्यांना दारं धरायची होती, पाण्याची पाळी आजचीच. मी हिशोब मांडला. तासाभरात होईल हे खरंच आहे, सगळं नीट झालं तर. पण एकदा तिरफोरवर ओढ घेतली आणि स्ट्रिंग सोडली की मध्येच सोडून येता येत नाही, पिन अडकली, डिस्कचा सॉकेट बसेना, वारा सुटला, काहीही झालं तरी ते पूर्ण करूनच उतरायचं. आणि संपल्यावर लगेच परमिट परत देता येत नाही, सामान उतरवा, सहा रॉड काढा, खाली आणून मोजा, माणसं मोजा, ह्यालाच पाऊण तास. म्हणजे शेवटचा अर्धा तास वरची माणसं घड्याळाकडे बघत पिना बसवणार. एवढं करून बी फेजच्या चौदातल्या दोन डिस्क खराब आहेत, बाराजणी अजून धरून आहेत. म्हटलं नाही, उतरा.

मामा उतरले ते बोलले नाहीत. मामांचं माझ्याशी न बोलणं म्हणजे काय ते लाइनवर काम केलेल्यालाच कळेल. त्यांची सगळी नोकरी टॉवरवर गेली, पुढच्या वर्षी रिटायर होतील, आणि कुठलं काम किती वेळाचं हे त्यांना माझ्यापेक्षा शंभरपट जास्त कळतं. एक कंत्राटी पोरगा दुसऱ्याला म्हणाला, साहेब घाबरट आहे. मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. आता ह्या पोरांचे हार्नेस त्यांच्या ठेकेदाराकडून मागून मागून मिळाले, तोपर्यंत कमरेच्या पट्ट्यावर चढवा म्हणणारे होते, आणि मी चढवलं नाही म्हणून तेव्हाही घाबरट ठरलो होतो. ठीक आहे.

रॉड खाली आले. एक दोन तीन चार पाच सहा, मोठ्यानं, अप्रेंटिसला मोजायला लावले. वर एक जरी राहिला आणि लाइन चार्ज केली तर काय होईल ते त्याला सांगायची गरज पडली नाही, सकाळची ठिणगी त्याने बघितलेली. माणसं मोजली. परमिट ज्याने घेतलं त्यानेच परत द्यायचं, म्हणून फोन मीच लावला. पावणेपाचच्या आधी लाइन चार्ज, होल्ड झाली, म्हणजे वीज सोडली आणि लाइन परत ट्रिप न होता टिकली. कंट्रोल रूमवाला म्हणाला, वा, आज चक्क वेळेच्या आधी. बी फेज राहिल्याचं सांगितलं तर म्हणाला, मग परत आउटेज? आता ह्या महिन्यात अवघड आहे बघा.

अवघड आहे हे मलाही माहितेय. मार्च आला की शेतीपंपांचा लोड वाढतो, मग सर्किट सोडायला कुणी तयार होत नाही, आणि तोवर पहाटेचं दव थांबलेलं असेल पण पाचट पेटायचं थांबणार नाही. तोपर्यंत ट्रिपिंग आलंच तर पहिला फोन मलाच, आणि पहिला प्रश्न हाच, की त्या दिवशी वेळ होता तर का केलं नाहीत. रिपोर्टमध्ये कारण लिहायचं होतं. "अपुरा वेळ" लिहिलं तर आकडे बघून कुणीही म्हणेल सव्वा तास होता की. शेवटी सगळा हिशोब तसाच मांडला, तिरफोर, रॉड, पाऊण तास, अर्धं पान भरलं.

गाडीत येताना मामांनी स्वतःहून विचारलं, परत आउटेज कधी टाकताय. म्हटलं उद्याच अर्ज करतो, रविवार मिळतोय का बघतो, लोड कमी असतो. म्हणाले रविवारी पुतणीचं लग्न आहे. मग म्हणाले सकाळी नऊच्या आत परमिट मिळवत असाल तर येतो, अक्षता बाराच्या आहेत. मी म्हटलं मामा, तुम्ही लग्नालाच जा. म्हणजे आता रविवार नको, दुसरा दिवस शोधायचा. अर्जात तारीख मोकळी ठेवलीय.