केमोची तारीख आणि गाडीचा बर्थ

कर्करुग्ण उपचारासाठी निघाला असेल तर रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीचं त्याचं भाडं माफ असतं. सोबतच्या एका माणसाला याच दोन वर्गांत पंचाहत्तर टक्के सूट मिळते. एवढं बहुतेक नातेवाइकांना कुणाकडून तरी कळलेलं असतं. पण सवलत मिळाली म्हणजे बर्थ मिळाला, असं नाही. आणि बर्थ मिळालाच तरी तो उपचाराच्या तारखेला जुळेल, याची खात्री कुणीच देत नाही. परळमधल्या एका संस्थेत मदतनीस म्हणून जायला लागल्यापासून माझी दुपार या दोन्हींची मोट बांधण्यात जाते.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. रेल्वेत नोकरी कधी केली नाही, पण वडील रेल्वेत होते आणि लहानपण इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. तेव्हा मुंबईकडून इगतपुरीपर्यंत डीसी वीज आणि पुढे एसी, त्यामुळे बहुतेक गाड्यांचं इंजिन तिथं बदलायचं. कसाऱ्याहून घाट चढताना मागून ढकलत आणलेली बँकर इंजिनंही तिथंच सुटी व्हायची. मुलींनी फलाटावर उभं राहून इंजिनांचे नंबर वहीत उतरवावेत, ही काही पद्धत नव्हती. मी उतरवायचे. पुढे पगार सुरू झाल्यावर वेळापत्रकं जमवायचा नाद लागला. रेल्वेचं ‘ट्रेन्स अॅट अ ग्लान्स’ दर वर्षी घ्यायचे, आणि कोलकात्याच्या न्यूमन कंपनीच्या ब्रॅडशॉचे जुने अंक फुटपाथवर दिसले की सोडत नसे. घरात या सगळ्याला एकच शब्द होता, रद्दी.

संस्थेत रुजू होणं मला वाटलं होतं त्याहून लांबलं, आणि ते बरंच झालं. अर्ज, आधार, ओळखीच्या दोघांची नावं, मग वैद्यकीय समाजसेविकेबरोबर मुलाखत. त्यांनी पगारी नोकरीबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते असं: ‘‘तुमच्या टेबलासमोर बसलेली बाई रडायला लागली तर तुम्ही काय कराल?’’ मी म्हटलं, पाणी देईन आणि गप्प बसेन. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. हिपॅटायटिस-बी लशीचे तीन डोस घ्यायला सांगितले: पहिला, मग महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. नियम साधे होते. औषधाबद्दल मत द्यायचं नाही, रुग्णाच्या नळ्यांना हात लावायचा नाही, स्वतःच्या खिशातले पैसे द्यायचे नाहीत. शेवटचा नियम सगळ्यात अवघड जातो, हे तिथल्या जुन्या मदतनिसांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

सुरुवातीला काम होतं रांगेतल्या लोकांना कागद लावून देण्याचं. रेल्वेचा विषय आपोआप आला. एक्स-रेची खोली कुठे, हे विचारणाऱ्यांपेक्षा ‘‘परतीचं तिकीट कुठे मिळेल?’’ विचारणारेच जास्त निघाले. कुणी नांदेडचा, कुणी गोंदियाचा, कुणी दरभंग्याचा, कुणी मालद्याचा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेले, फुटपाथवर पथारी टाकलेले, भावकीतल्या कुणाच्या चाळीत राहिलेले. मी एकाला गाडीचा नंबर, फलाट आणि कोणत्या स्टेशनात किती वेळ थांबते ते तोंडपाठ सांगितलं. वॉर्डातल्या मामांनी ते ऐकलं आणि पुढच्या आठवड्यापासून ‘‘रेल्वेवाल्या काकूंकडे जा’’ सुरू झालं.

आता कामाचं. ही सवलत आयआरसीटीसीवर मिळत नाही, आरक्षण खिडकीवरच जावं लागतं. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र हवं, त्यावर डॉक्टरांची सही आणि शिक्का हवा. मी आधी स्टेशनांची नावं बघते. एकदा प्रमाणपत्रावर गावाचं नाव होतं, जवळच्या स्टेशनाचं नव्हतं. खिडकीवरच्या बाबूंनी ते परत पाठवलं आणि तो माणूस तेवढ्यासाठी पुन्हा रांगेत उभा राहिला. तेव्हापासून मी नकाशा उघडून गावापासून जवळचं स्टेशन विचारते आणि तेच लिहून घ्यायला सांगते. तत्काळमध्ये कुठलीच सवलत नाही, हेही आधीच सांगून टाकते. कारण घाईत माणूस तिकडेच धावतो आणि पूर्ण भाडं भरून बसतो.

लोकांना सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट थ्री-एसीची. रुग्णाला ते स्लीपरइतकंच फुकट आहे. सोबत्याला पाव भाडं. लांबच्या प्रवासात दोघांचा मिळून खर्च स्लीपरच्या एका पूर्ण तिकिटाच्या आसपासच येतो. पण एसी हा आपला डबा नाही, असं लोकांनी मनाशी ठरवलेलंच असतं. परभणीकडचे एक शेतकरी आले होते, पत्नीला स्तनाचा कर्करोग. ते म्हणाले, ‘‘एसी कशाला मावशी, आपल्याला जनरलच बरं.’’ मी हिशेब मांडून दाखवला. ते जरा वळले, पण त्यांची बायको म्हणाली, ‘‘त्या डब्याच्या काचा उघडत नाहीत म्हणं. मला ओकारी आली तर?’’

याचं उत्तर कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं. केमोनंतरच्या रात्री तिला कसं होतं, ते तिलाच ठाऊक. शेवटी आम्ही असं केलं: मुंबईकडे येताना, म्हणजे केमोच्या आधी, थ्री-एसी, जाताना स्लीपर, तेही डब्याच्या टोकाचा बर्थ, म्हणजे बेसिन आणि संडास दोन पावलांवर. डब्याच्या टोकाला वर्दळ असते, दार आपटतं, वास येतो, सगळं मान्य. तिला तेच हवं होतं. त्या फेरीनंतर मी कुठल्याही बाईला आधी विचारते की खिडकी उघडी हवी का, आणि मगच गाडीचं बोलते.

बर्थचे आकडे मला लहानपणापासून पाठ आहेत आणि त्यांचा इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. स्लीपर असो वा थ्री-एसी, आठाचा एक कप्पा: एक आणि चार खालचे, दोन आणि पाच मधले, तीन आणि सहा वरचे, सात साइड लोअर, आठ साइड अप्पर. पुढे आठ-आठ वाढवत जायचं. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला नाकातून नळी असेल तर सिरिंजने पातळ अन्न द्यावं लागतं. ते देताना आणि दिल्यावर काही वेळ बसून राहायचं असतं. रात्री दहानंतर मधला बर्थ उघडला की खालच्या बर्थवर पाठ ताठ करून बसताच येत नाही. साइड लोअरला मध्ये बर्थ नसतो. म्हणून अशा रुग्णासाठी मी सात, पंधरा, तेवीस शोधते. लोक साइड लोअरला नाकं मुरडतात, मला तो सोन्याचा वाटतो. आरएसी मात्र नको. तोच बर्थ दोघांत वाटून बसायचा, अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना डॉक्टर नेमकी हीच गर्दी टाळायला सांगतात.

झटक्यांचंही सांगते. एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीच्या डब्यांच्या गाडीला सुटताना-थांबताना कधी कधी चांगला हिसका बसतो. कसाऱ्याला मागून बँकर जोडतात तेव्हाही डब्याला धक्का जाणवतो. नव्या टाक्यांचा माणूस झोपेत दचकतो आणि हात थेट जखमेवर जातो. मी एवढंच सांगते, ‘‘कसाऱ्याला गाडी थांबली की पोटाशी उशी धरा, मागून इंजिन लागेल.’’ एका बाईंनी परत आल्यावर सांगितलं की आख्खा कप्पा त्यांना विचारत होता, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी सांगितलं, आमच्या डॉक्टरांनी सांगितलं.

मग मुख्य कटकट, तारखा. स्तनाच्या कर्करोगासारख्या बऱ्याच उपचारांत केमो दर एकवीस दिवसांनी असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे हातात दोन, फार तर तीन फेऱ्यांच्या तारखा असतात. त्याही पक्क्या नव्हेत. आदल्या दिवशी रक्त तपासतात, पेशी कमी भरल्या तर केमो पुढे ढकलतात आणि परतीचा कन्फर्म बर्थ वाया जातो. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार असतं, पाच-सहा आठवडे चालतं. मध्ये सुटी आली किंवा मशीन बंद पडलं की शेवटचा दिवस सरकतो. म्हणून डे-केअरच्या सिस्टरांशी बोलल्याशिवाय मी कुणालाही परतीची तारीख सांगत नाही. त्या वैतागतात, पण सांगतात.

वेटिंग लिस्टचंही एक शास्त्र आहे. गाडी जिथून सुटते तिथला साधारण कोटा मोठा, त्यामुळे तिथलं वेटिंग सरकतं. मधल्या बऱ्याच स्टेशनांना मिळून एकच छोटा ‘पूल कोटा’ असतो, त्याचं वेटिंग तसंच पडून राहतं. कल्याणला राहणारा नातेवाईक कल्याणपासून तिकीट मागतो. मी म्हणते, तिकीट सीएसएमटीपासून काढा, बोर्डिंग कल्याण टाका. दादरला चढणाऱ्यांना फलाटांचे नवे आकडे सांगावे लागतात. डिसेंबर २०२३ पासून तिथल्या मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ नंबर आहेत, आणि गावाकडचा मामा अजून जुनाच आकडा सांगून पाठवतो. आणि लोकलमध्ये कर्करुग्णाला दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, हे तर मुंबईकरांनाही सांगावं लागतं. प्रमाणपत्र हातात ठेवा म्हणते, कारण केस गळलेले दिसले नाहीत तर लोक उठवायला येतात.

दिवाळी-छठच्या दिवसांत बिहारकडच्या गाड्यांचं काही बोलायलाच नको. दरभंग्याचा एक तरुण, जबड्याचं ऑपरेशन झालेला, नाकात नळी, सोबत धाकटा भाऊ. पवन एक्स्प्रेसला लांबलचक वेटिंग. अशा वेळी आपत्कालीन कोट्यासाठी रुग्णालयाचं पत्र जोडून रेल्वेच्या विभागीय कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. आता पहिला चार्ट, म्हणजे कुणाला कोणता बर्थ लागला त्याची यादी, गाडीच्या बऱ्याच आधी लागतो, म्हणून अर्जही आदल्या दिवशीच पोचायला हवा. मिळालं की नाही, हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही.

त्या दोघांचं तिकीट मी मुद्दाम एकाच फॉर्मवर काढायला लावलं होतं. धाकटा म्हणत होता, वेगवेगळं काढू, दोन्हींतलं एक तरी लागेल. मी ऐकलं नाही. खिडकीचं वेटिंग तिकीट घेऊन आरक्षित डब्यात बसू देत नाहीत. पण एकाच पीएनआरवर एकाला बर्थ लागला की दुसऱ्याला सोबत जाता येतं. चार्ट लागला तेव्हा एकच बर्थ आला होता, थोरल्याच्या नावावर. साइड लोअर नव्हता, खालचाही नव्हता, मधला होता. धाकट्याने फोनवर सांगितलं की टीसींनी नाकातली नळी बघून समोरच्या खालच्या बर्थवाल्या काकांशी बोलून अदलाबदल करून दिली. तो स्वतः रात्रभर भावाच्या पायाशी बसून गेला. तपासणीची पुढची तारीख जानेवारीतली आहे, थंडीत त्या बाजूच्या गाड्या धुक्याने तासन्‌तास रखडतात. म्हणून तारखेच्या दोन दिवस आधी पोचणारी गाडी निवडली आहे, आणि आरक्षण उघडेल त्या सकाळी दरभंग्याच्या खिडकीवर उभं राहायला धाकट्याला बजावून ठेवलं आहे.