बेळगावहून दिल्लीला : संमेलनाच्या वाटेचा विचार

९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीला होणार हे निश्चित झाले आणि आमच्या वाचक गटात एकच विषय सुरू झाला : जायचे तर कसे? २०१५ साली पंजाबातील घुमानला संमेलन भरले, तेव्हा वेळेवर हालचाल न केल्यामुळे जाणे राहून गेले होते, आणि ती रुखरुख दहा वर्षे मनात होती. या वेळी आम्ही सात जण निघणार होतो. त्यांपैकी चौघांनी साठी ओलांडलेली, आणि सर्वांत ज्येष्ठ माझ्या वहिनी, वय ७४, ज्यांना गुडघेदुखीमुळे जिने चढवत नाहीत. बेळगावपासून दिल्ली सुमारे २००० किलोमीटर आहे. संमेलन २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ असे तीन दिवसांचे होते.

आमच्या घरात या प्रवासाला जुना संदर्भही आहे. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत संमेलन झाले, त्याला माझे थोरले काका गेले होते. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते आणि येथून पुण्यापर्यंत मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीचा रूळमार्ग होता. पुण्याला उतरून, वळकटी डोक्यावर घेऊन मोठ्या गाडीत बसावे लागे, असे ते सांगत. १९४६ च्या बेळगाव संमेलनात, ज्याचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर होते, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्यानंतर आठच वर्षांनी दिल्लीला मराठी माणसे जमत आहेत, तर आपण तेथे असलेच पाहिजे, एवढेच काकांचे म्हणणे होते. आमचेही वेगळे नव्हते.

सर्वांत सोपा मार्ग विमानाचा. सांबऱ्याचा विमानतळ शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे आणि तेथून थेट दिल्लीला अडीच तासांच्या आसपास पोहोचता येते. ज्यांना रजा मिळत नाही, त्यांनी हाच मार्ग धरावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सांबऱ्याचे भाडे चढले तर गोव्यातील मोपा विमानतळाचा पर्याय उरतो; मात्र त्यासाठी चोर्ला घाट उतरावा लागतो, आणि पहाटेच्या विमानासाठी रात्री तो घाट ज्येष्ठ माणसांना घेऊन उतरणे मला पटले नाही. दुसरी अडचण सामानाची. विमानतळावर जमा करायचे सामान साधारण १५ किलोंपर्यंत विनामूल्य जाते, आणि संमेलनातून परतणाऱ्या वाचकाची पिशवी तेवढ्यावर थांबत नाही.

दुसरा मार्ग पुण्यामार्गे होता. संमेलनासाठी १९ फेब्रुवारीला पुण्याहून महादजी शिंदे यांच्या नावाची विशेष गाडी सुटणार होती आणि धावत्या डब्यांतच साहित्य संमेलन रंगणार होते. तो दिवस बुधवार होता, आणि हुबळी-पुणे वंदे भारत बुधवारी सकाळी बेळगावहून निघून दुपारी पुण्याला पोहोचते, त्यामुळे जोड चांगली जमत होती. आमच्या गटातील एका तरुण शिक्षकाने हाच मार्ग धरला, आणि रात्रभर कविता ऐकत गेल्याचे तो अजून सांगतो. वहिनींना मात्र पुण्याच्या फलाटावरून गाडी बदलणे झेपले नसते.

उरली गोवा एक्सप्रेस, आणि आम्हा सहा जणांसाठी तीच योग्य ठरली. वास्कोहून निघालेली ही गाडी रोज संध्याकाळी बेळगावला येते, एकदाही न बदलता दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्थानकावर नेते, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे उतरवते. आरक्षण आता १२० नव्हे तर ६० दिवस आधी उघडते. हा बदल १ नोव्हेंबर २०२४ पासूनचा आहे. १८ फेब्रुवारीच्या प्रवासासाठी म्हणून आम्ही २० डिसेंबरला सकाळी आठ वाजता तयार बसलो आणि घाईघाईत सहाही जणांचे एकच तिकीट काढले. वहिनींना वरचा बर्थ आला. ज्येष्ठांसाठी राखीव असलेला खालचा बर्थ, एका तिकिटावर एक किंवा दोन ज्येष्ठच असतील तेव्हाच मिळतो. गर्दीच्या तिकिटाला तो कोटा लागू होत नाही. ते तिकीट रद्द करून, कपात सोसून, आम्ही चौघा ज्येष्ठांची दोन आणि उरलेल्या दोघांचे एक अशी तीन तिकिटे काढली, आणि चारही बर्थ खालचे मिळाले. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. भाड्यातील सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे.

मी शेवटपर्यंत विमानाचा आग्रह धरला असता, पण वहिनी म्हणाल्या, "भावजी, अडीच तासांत दिल्ली आली तर वाटेत मी काय बघितलं म्हणून सांगू? गाडीनंच जाऊ या." दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कुंद्याचा डबा त्यांनीच बांधला.

गाडीत बसलो आणि त्यांचे म्हणणे पटत गेले. मिरजेला सांगलीकडची काही मंडळी चढली. त्यांच्या बोलण्यात संमेलनाध्यक्ष तारा भवाळकर आपल्या गावच्या असल्याचा आनंद ओसंडून वाहत होता, आणि डबा उघडण्याआधीच ओळख झाली. पुणे अंधारातच मागे पडले. दुसऱ्या दिवशी भुसावळनंतर बुऱ्हाणपूर लागले, तेव्हा वहिनी खिडकीला नाक लावून बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल, हातात चटणीने लाल झालेली अर्धी दशमी. इटारसी सोडून नर्मदेचा पूल आला तेव्हा बाहेर काळोख होता. वातानुकूलित डब्याची खिडकी उघडत नाही, म्हणून मुठीत धरून ठेवलेले नाणे त्यांनी परत कनवटीला लावले आणि काचेलाच हात जोडले. ग्वाल्हेर उत्तररात्री आले; महादजींचे गाव म्हणून उठवा, असे त्यांनी बजावून ठेवले होते, आणि आम्ही उठवले.

निजामुद्दीनला २० तारखेला उतरलो, म्हणजे उद्घाटनाआधी एक पूर्ण दिवस हाती होता. उत्तरेकडे जाणारी गाडी उशिरा पोहोचू शकते, म्हणून हा दिवस राखावाच. संमेलनाचे ठिकाण असलेले तालकटोरा स्टेडियम आम्ही त्याच संध्याकाळी पाहून आलो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वहिनींना कोणत्या दारातून न्यायचे हे ठाऊक होते.

परतीचे तिकीट २४ तारखेचे होते. समारोप न चुकता ऐकायचा तर २३ चे काढू नये. बेळगावला रात्री उशिरा उतरलो, तेव्हा पुस्तकांचा खोका उचलायला दोघे लागले. घरी वजन केले तर ते २३ किलो भरले, आणि त्यातली सात पुस्तके वहिनींची होती.