समोरच्याने स्वतःच आणलेला पुरावा

आखाती नोकरीची तक्रार ग्राहक आयोगात आली की घोडं हमखास रोख पैशांपाशी अडतं. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क घेता येतं ३०,००० रुपये, वर जीएसटी, म्हणजे ३५,४००. पावतीही बरोबर तेवढ्याचीच मिळते. वरचे लाख-दीड लाख हातोहात जातात, त्यांचा कागद कुठेच नसतो.

माझा पक्षकार दापोली तालुक्यातला, ट्रेलर चालवणारा. सौदीत १८०० रियालवर हेवी ड्रायव्हर म्हणून पाठवतो, असं मुंबईच्या एजंटाने सांगितलं. तिकडे गोदामात पोती उचलायला लावली, पगार हजार रियाल. काही महिन्यांत तो कंटाळून परतला. २०१९च्या ग्राहक कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते, म्हणून रत्नागिरीत तक्रार दाखल केली. मुंबईच्या तारखा त्याला झेपल्या नसत्या.

आमच्याकडे काय होतं? पतसंस्थेची सोनेतारण पावती, १ लाख ४० हजारांची. बायकोचं मंगळसूत्र आणि पाटल्या. या पावतीवरून पैसे त्यांच्या हातात आले एवढं दिसतं; एजंटाच्या हातात गेले हे दिसत नाही. साक्षीला मेहुणा, म्हणजे घरचाच माणूस. व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट होते, त्यात एजंटाचं एक वाक्य: 'उद्या बाकी घेऊन ये.' बाकी पैसे की बाकी कागद? मूळ फोन सौदीतच बिघडून गेलेला. ट्रेड टेस्टची, म्हणजे जाण्याआधी घेतलेल्या कामाच्या चाचणीची, पावती मात्र मला पहिल्यापासून आवडली होती. हमालीला न्यायच्या माणसाला ट्रेलर रिव्हर्स घ्यायला कोण लावतं?

पण एजंटाकडे ई-मायग्रेटवरचा, म्हणजे परदेशी नोकरीच्या सरकारी पोर्टलवरचा, करार होता. पद 'कामगार', पगार १००० रियाल, खाली आमच्या माणसाची सही. ती त्याचीच होती, नाकारण्यात अर्थ नव्हता.

अंतिम युक्तिवादाच्या दिवशी समोरच्या वकिलांनी आधी स्क्रीनशॉट झोडपले. आयोगापुढे पुराव्याचा कायदा काटेकोर लागू नसतो, तरी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासोबत जोडायचं, प्रमाणपत्र कुठाय, हा प्रश्न आलाच. जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं. तेव्हा जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ६५ब होतं. तो निवाडा आता आमच्याकडे शिकाऊ वकीलसुद्धा फेकून मारतो.

मग त्यांनी आपला हुकमी एक्का काढला. शपथपत्रासोबत दिलेला व्हिडिओ, प्रमाणपत्राचे दोन्ही भाग आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, जोडून. विमानाच्या आदल्या दिवशी एजंटाच्या ऑफिसात काढलेला. आमचा माणूस हातात पासपोर्ट धरून खाली बघत म्हणतोय, 'मी ३५,४०० रुपयेच दिले, जास्त काही दिले नाहीत.' पक्षकार माझ्या कानाशी कुजबुजला, "मॅडम, कागदावर लिहून वाचायला लावलं हो. नाहीतर तिकीट देत नव्हते."

हे सिद्ध कसं करणार? पण त्याच कागदावर आधीची ओळ होती, आणि ती त्याने तितक्याच इमानदारीने वाचली होती: 'मी हेवी ड्रायव्हर म्हणून चाललोय, पगार १८०० रियाल.' मी व्हिडिओ पुन्हा लावायची विनंती केली. मग एवढंच म्हटलं की हा पुरावा समोरच्यांचा आहे, प्रमाणपत्र त्यांचं आहे, आम्हाला पूर्ण मान्य आहे. पण मग पहिलं वाक्यही मान्य करा. कराराची तारीख व्हिडिओच्या आधीची. हजार रियालचा करार झाल्यावरही एजंट त्याला ऑफिसात बसवून १८०० वदवून घेत होता, तर फसवणूक अजून कशाला म्हणायची? अध्यक्षांनी समोर विचारलं तेव्हा 'पक्षकाराकडून सूचना घेतो' असं उत्तर आलं.

'पूर्ण मान्य' म्हणताना रोख रकमेची बाजू मी आणखी लंगडी करत होते, हे मला कळत होतं. पक्षकाराला बाहेर नेऊन आधी विचारलं होतं. तो म्हणाला, "जे टिकतं ते घ्या."

निकालात नोकरीबाबतची फसवणूक सिद्ध झाली. ३५,४०० व्याजासह परत, पगारातल्या फरकापोटी आणि त्रासापोटी भरपाई. सोनेतारणाचे १ लाख ४० हजार मात्र 'पुराव्याअभावी' नामंजूर. निकाल वाचून दाखवला तेव्हा त्याच्या बायकोने पहिलं विचारलं, "आणि पाटल्या?" अपिलाला ४५ दिवस असतात. पतसंस्थेकडून कर्जखात्याचा उतारा मागवला आहे, आणि एजंटाने त्याच आठवड्यात त्याच गावातल्या आणखी दोघांना पाठवलं होतं, त्यांचे पत्ते शोधतेय.