फोन झाला, पण लागला का?

काल रविवार, म्हणजे आमच्याकडे डोकी धुण्याचा आणि घरी फोन करण्याचा वार. साताऱ्यातलं आमचं मुलींचं हॉस्टेल, पाचवी ते दहावीच्या चौसष्ट मुली, मी त्यांची रेक्टर आणि हे माझं अकरावं वर्ष. सकाळी शिकेकाई झाली आणि व्हरांड्यात ऊन आलं की पोरी एकीमागे एक बसतात, दहावीची नववीच्या डोक्यात फणी घालते, नववीची आठवीच्या, असं करत सगळ्यात पुढे पाचवीतली चिमुरडी. पण दहावीच्या मुलीच्या मागे कुणीच नसतं ना, मग तिच्यामागे मी बसते. उवा-लिखा बघायच्या असतातच पण त्यापेक्षा मोठं काम वेगळंच होतं, समोर बसवून "काय झालंय सांग" म्हटलं की पोरगी गप्प, आणि पाठमोरी बसून डोक्याला हात लागला की सगळं घडाघडा सांगते. भिंतीवर १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर मोठ्या आकड्यांत रंगवून घेतलाय, तक्रारपेटी आहे, ती मी कधीच एकटी उघडत नाही, शाळेतल्या एक मॅडम आणि एका मुलीची आई सोबत असतात कारण तक्रार माझ्याबद्दलची पण असू शकते. हे सगळं पाहिजेच. तरीपण घरची आठवण येते म्हणून कोण पेटीत चिठ्ठी टाकतंय?

यंदा जूनमध्ये सहावीला एक मुलगी आली, जावळीतली, कोयनेच्या पाण्यापलीकडच्या गावातली. घरी जायचं म्हणजे साताऱ्यातून कासवरून बामणोलीला उतरायचं आणि तिथून लाँच, वारं जास्त असलं की लाँच पण थांबून राहते. पोरगी शहाणी, रडणं नाही भांडण नाही, अंथरूण घडी घातलेलं, पेटी आवरलेली. आणि दर सोमवारी सकाळी पोटात दुखतं.

सोमवारी आमच्याकडे लोहाची निळी गोळी देतात, ती रिकाम्या पोटी घेतली की कळ येते, मळमळतं. मला वाटलं तेच असेल, म्हणून नाश्ता झाल्यावर माझ्यासमोर गोळी द्यायला लागले तरी दुखायचं थांबेना. दवाखान्यात नेऊन आणलं, डॉक्टर म्हणाले काही नाही. मग एका सोमवारी मी तिला जरा जोरात बोलले की दर आठवड्याला शाळा बुडवायला कारण नको, उठ. ती निमूट उठली, वेणी घातली आणि गेली. तो चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही माझ्या.

आमच्या मेसच्या मावशींनीच मला सांगितलं, "मॅडम, ती पोरगी रविवारी रातच्याला जेवतच न्हाई, चपातीचं तुकडं करती न् शेजारणीच्या ताटात सरकवती." मी रात्री ताटं मोजते, चौसष्ट ताटं चौसष्ट मुली, बरोबर. ताटातलं कुणाच्या पोटात गेलं हे मोजणीत येत नाही.

आता यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे तिला चपातीचीच सवय नव्हती, त्यांच्याकडे भात आणि नाचणीची भाकरी, आणि आमच्या मेसमध्ये माण-खटावच्या मुली जास्त म्हणून चपाती आणि ज्वारी-बाजरी. एका मुलीसाठी वेगळं पीठ म्हणजे मेसच्या हिशोबात कटकट, त्यासाठी वर कारण लिहून द्यावं लागलं. पण मी ते आणलंच. माझे वडील रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकलेले, लहानपणापासून त्यांच्या तोंडून आम्ही लक्ष्मीवहिनींचं, म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नीचं, ऐकत आलोय. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली काले गावात संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग आणलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, १९२७ ला गांधीजी येऊन गेले, हे सगळे सांगतात. वडील मात्र सांगायचे ते वहिनींचं, पोरांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्र पण दिलं, १९३० ला गेल्या बिचाऱ्या. त्या साताऱ्यात बसून मी किलोभर नाचणीच्या पिठाचं कारण लिहून देत होते, वाईट वाटलं मला.

दुसरी गोष्ट मला व्हरांड्यात कळली. त्या रविवारी मी मुद्दाम तिच्यामागे बसले, तेल लावता लावता म्हटलं आबा काय म्हणाले गं मागच्या रविवारी? बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "आबांचा फोन लागतच न्हाई मॅडम, गावात रेंज न्हाई."

माझ्याकडे रजिस्टर आहे, दर रविवारी ऑफिसच्या मोबाईलवरून प्रत्येकीला पाच मिनिटं, नाव आणि पुढे टिक. तिच्या नावापुढे जूनपासून सगळ्या टिका आहेत. ती दर रविवारी रांगेत उभी राहत होती, नंबर लावत होती, "नॉट रिचेबल" ऐकून फोन पुढच्या मुलीच्या हातात देत होती आणि मी टिक करत होते. मागच्या मुलींचा खोळंबा नको म्हणून तिने एकदाही "पुन्हा लावू का" विचारलं नाही. रविवारी रात्री जेवण जायचं नाही आणि सोमवारी पोट दुखायचं. अकरा वर्षं काढल्यावर हे मला आधी कळायला हवं होतं, आणि मी त्या पोरीला बोलले होते.

तिच्या गावचे एकजण साताऱ्यात कामाला आहेत, त्यांच्याकडून आबांना निरोप पाठवला. उलट निरोप आला की देवळाच्या वरच्या माळावर रेंज येते, बुधवारी संध्याकाळी गुरं तिकडं असतात. आता बुधवारी पावणेसहाला फोन तिचा. पहिल्या बुधवारी अकरा मिनिटं बोलली, मी घड्याळ बघितलं पण अडवलं नाही. म्हैस, वासरू, चुलतभावाचं लग्न, मग लाजत "इथं नाचणीची भाकरी मिळती आता" असं.

रजिस्टरमध्ये मी आता एक रकाना वाढवलाय, "लागला का". तो आखला त्याच रविवारी कळलं की अजून चौघींचे असेच. दोघी पाटणच्या डोंगरातल्या, त्यांना शेजारच्या गावातल्या मामांचा नंबर मिळाला. एकीच्या घरचा नंबरच बदललेला, तो शाळेत कुणी कळवला नव्हता. चौथी माणची, तिच्या आईच्या फोनचा रिचार्ज संपलेला, तो भरून झाला पण दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला जातील, फडावर कधी फोन चार्ज कधी नाही. मुकादमाचा नंबर तिच्याकडे आहे म्हणाली. टोळी निघायच्या आधी मला त्यांच्याशी बोलून वार आणि वेळ पक्की करून घ्यायची आहे.